शिदोरीचा मासा

मुंबईच्या मासळीबाजारात 'वाम' मागितली की कोळीण उचलून दाखवते ती समुद्रातली. लांबलचक चंदेरी-करडे अंग, मोठा जबडा, त्यात पुढे आलेले दात. हिच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून परदेशी जाते. देशावर नदीकाठी किंवा धरणाच्या कडेला टोपलीत 'वाम' म्हणून पडलेली असते ती निराळीच: टोकदार सोंड आणि पाठीवर बारीक काट्यांची रांग. दोघींना एकच नाव मिळाले ते केवळ अंगलटीमुळे. समुद्रातली वाम ईलची लांबची नातलग लागते, नदीतली तेवढीही नाही. जग ज्याला गोड्या पाण्यातला ईल म्हणते तो तिसराच. आपल्या नद्यांतही तो आहे, मराठीत त्याला अहिर म्हणतात, आणि अंगावरच्या चट्ट्यापट्ट्यांमुळे अंधुक उजेडात तो सापच वाटतो.

हा नावांचा गुंता आधी सोडवावा लागतो, कारण 'वाम पौष्टिक असते' असे सांगताना जे आकडे फेकले जातात ते या तिसऱ्याचे असतात, आणि तेही बहुधा जपानी किंवा अमेरिकी तक्त्यांतले. नदीतल्या काटेरी वामेच्या तिखल्याला ते लावणे म्हणजे म्हशीच्या दुधाचा फॅट शेळीच्या नावावर मांडणे. चवीला ती वाम उत्तमच असते, पण तिचा हिशेब वेगळा. ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये मिळणारी कुचिया हीसुद्धा ईल नव्हे. ती चिखलात राहणारी, हवेतून श्वास घेणारी मासळी. अशक्त माणसाला, बाळंतिणीला, रक्त कमी झालेल्याला ती देतात आणि काही ठिकाणी तिचे कच्चे रक्तही पाजतात. शिजवलेली कुचिया खुशाल खावी. पण तिच्या जातभाईंच्या मांसात ग्नॅथोस्टोमा नावाच्या परजीवी कृमीच्या अळ्या सापडलेल्या आहेत, तेव्हा कच्च्याच्या वाटेला जाऊ नये.

आता खरा ईल. त्याच्या पोषणमूल्याचे सगळे रहस्य त्याच्या आयुष्यक्रमात आहे, आणि आहाराच्या पुस्तकांत नेमके तेच पान नसते. सालमनसारखे स्थलांतरी मासे समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला नदीत चढतात. ईलचे उलटे. तो जन्मतो भर समुद्रात, पारदर्शक पानासारखी अळी होऊन प्रवाहाबरोबर किनाऱ्याला लागतो, काचेच्या काडीसारखे पिल्लू होऊन नदीत शिरतो आणि पुढली कित्येक वर्षे, कधी दहा, कधी वीस, तळ्यात-नदीत खात-पीत काढतो. मग एका शरदात त्याचा रंग पालटतो. पिवळट पोट रुपेरी होते, डोळे मोठे होतात, आतडे आक्रसते, खाणे थांबते. युरोपातला ईल तिथून अटलांटिक ओलांडून सारगासो समुद्राकडे निघतो. पाच हजार किलोमीटरांहून लांबचा, एकतर्फी आणि पूर्ण उपाशीपोटी प्रवास. तिथे अंडी घालून तो मरतो.

या प्रवासाची शिदोरी त्याने आधीच अंगात बांधून घेतलेली असते. कॉड मासा चरबी यकृतात साठवतो आणि त्याचे मांस कोरडे राहते. ईल ती थेट मांसात साठवतो. प्रवासाला निघालेल्या युरोपीय ईलच्या वजनाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहून जास्त, निव्वळ चरबी असतो. नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी ईलना पाण्याच्या बोगद्यात सलग १७३ दिवस पोहायला लावले. मासे साडेपाच हजार किलोमीटर पोहले, तेही उपाशी, आणि तरी साठा संपला नाही. सालमनसारख्या माशांच्या तुलनेत त्यांची ऊर्जेची काटकसर चौपट ते सहापट भरली. आपण ताटात वाढून घेतो ती ही शिदोरी. अ, ड आणि ई ही जीवनसत्त्वे चरबीत विरघळणारी, म्हणून तीही त्याच गाठोड्यात असतात.

आकडे पाहू. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या ईलमध्ये १८४ किलोकॅलरी, साडेअठरा ग्रॅमच्या आसपास प्रथिने, पावणेबारा ग्रॅम चरबी, १०४३ मायक्रोग्रॅम 'अ' जीवनसत्त्व आणि २३ मायक्रोग्रॅम 'ड' आहे. जपानी तक्त्यातला पाळीव ईल अधिक भरलेला: २२८ किलोकॅलरी, सतरा ग्रॅम प्रथिने, चरबी १९.३ ग्रॅम, 'अ' तब्बल २४०० मायक्रोग्रॅम, 'ड' १८, 'ई' ७.४ मिलिग्रॅम, आणि कोलेस्टेरॉल २३० मिलिग्रॅम. प्रथिनांत म्हणजे ईल कुठल्याही चांगल्या मासळीसारखाच आहे. त्याचे वेगळेपण 'अ' आणि 'ड' मध्ये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ माणसाला दिवसाला ६०० युनिट, म्हणजे १५ मायक्रोग्रॅम 'ड' लागते. ते अन्नातून मिळवणे किती अवघड आहे हे आपल्याकडे ज्याने रक्ततपासणीचा कागद हातात धरला आहे त्याला सांगायला नको. ईलच्या एका बेताच्या तुकडीत ते सगळे येते.

मात्र दोन तक्ते शेजारी ठेवले की एका जागी ठेच लागते. माशाच्या तेलातले ज्यांचे आज सगळीकडे गोडवे गायले जातात ते ओमेगा-३, त्यातले ईपीए आणि डीएचए, अमेरिकी तक्त्यात अनुक्रमे ८४ आणि ६३ मिलिग्रॅम. जपानी काबायाकीत, म्हणजे गोडसर रसात बुडवून भाजलेल्या ईलमध्ये, ७५० आणि १३०० मिलिग्रॅम. डीएचएमध्ये वीसपट तफावत! कोणी खोटे बोलत नाही. एकीकडे मिश्र जातींचे मासे, दुसरीकडे फार्मातला जपानी ईल, ज्याला माशांच्या पिठाचा मळलेला गोळा, वरून तेल घालून, भरवलेला असतो. ईल जे खातो ते चरबीत मुरवतो. तेव्हा 'ईलमध्ये ओमेगा-३ किती?' या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर 'कुठला ईल, कुणी काय चारलेला?' हे आहे. आणि पाळीव ईलची थोरवी सांगताना त्याच्या चाऱ्यासाठी दळलेल्या समुद्रातल्या लहान मासळीचे श्रेय कुणी देत नाही, हेही इथेच नोंदवतो. ते ओमेगा-३ मुळात तिचे. आपल्याला ते बांगड्यातून आणि तारलीतून सरळ मिळते, मधला दलाल न ठेवता.

काबायाकी हा शब्द आला, तर जपानकडे वळायलाच हवे, कारण ईलला औषधी अन्नाचा पक्का मान दिला तो जपानने. आठव्या शतकातल्या मान्योशू या काव्यसंग्रहात ओतोमो नो याकामोची हा कवी एका हाडकुळ्या माणसाला थट्टेने सुचवतो की उन्हाळ्याने रोडावला आहेस, ईल धरून खा. म्हणजे समज किमान बाराशे वर्षांची. 'दोयो नो उशी नो ही' हा जुलैअखेरीचा खास ईल खाण्याचा दिवस मात्र बराच अलीकडचा. अठराव्या शतकातला विद्वान आणि खटपट्या हिरागा गेन्नाई याने एका ईलवाल्याचा उन्हाळ्यातला मंद धंदा सावरायला दुकानावर पाटी लावायला सांगितली आणि प्रथा पडली, असे सांगतात. कथा खरी-खोटी कशीही असो, व्यापाराची चाल तिच्यात स्पष्ट दिसते. नैसर्गिक ईल चरबीने भरतो तो शरदात, निघण्याच्या बेतात असताना. भर उन्हाळ्यात तो सर्वोत्तम नसतोच. गंमत अशी की जपानी माणूस ईलसाठी रांग लावतो त्याच सुमाराला आपल्याकडे आषाढ संपून श्रावणाच्या नावाने मासळीचे भांडे पालथे पडत असते.

तरीही त्या उन्हाळी समजात तथ्याचा एक कण आहे, आणि तो चरबीत नसून 'ब१' मध्ये आहे. एदोत, म्हणजे जुन्या तोक्योत, शहरी लोक पॉलिश केलेला पांढरा भात खात. त्यात 'ब१' जवळपास उरत नाही. पाय सुजणे, बधिरपणा, गळून जाणे असा बेरीबेरीचा आजार तिथे इतका होता की त्याला 'एदोचे दुखणे' म्हणत. पुढे १८८० च्या दशकात नौदलातला डॉक्टर ताकाकी कानेहिरो याने खलाशांचा आहार बदलून तो आटोक्यात आणला. भाजलेल्या ईलमध्ये १०० ग्रॅमला पाऊण मिलिग्रॅम 'ब१' असते, माशांच्या मानाने बरेच. पांढऱ्या भातावर ईल ठेवून खाणाऱ्याला हुशारी वाटली असेल तर त्यात नवल नाही. आज डाळ, शेंगदाणे, ज्वारी-बाजरी खाणाऱ्या माणसाला ईलने तसाच चमत्कार दिसेल, ही अपेक्षा मात्र फोल आहे.

काबायाकी करण्याची रीतही पोषणाच्या दृष्टीने पाहण्यासारखी. तोक्योकडे मासा पाठीकडून चिरतात. पोटाकडून चिरणे सामुराईच्या शहरात अशुभ, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. मग तो भाजतात, वाफवतात, आणि सोया सॉस व गोड मिरिनच्या दाट रसात बुडवून पुन्हा निखाऱ्यावर धरतात. ओसाकाकडे पोटाकडून चिरून, न वाफवता थेट भाजतात. वाफेने काही चरबी गळून जाते आणि मांस लोण्यासारखे होते. न वाफवलेला खरपूस आणि तुपकट राहतो. तयार काबायाकीत १०० ग्रॅमला २८५ किलोकॅलरी, २३ ग्रॅम प्रथिने, २१ ग्रॅम चरबी, १५०० मायक्रोग्रॅम 'अ', १९ मायक्रोग्रॅम 'ड', बारीक काटे सोबत खाल्ले जातात म्हणून १५० मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि सॉसमुळे ५१० मिलिग्रॅम सोडियम. रक्तदाबाच्या माणसाने या शेवटच्या आकड्यापाशी थांबावे. नुसत्या मिठावर भाजलेला शिरायाकी त्याच्यासाठी बरा. मुंबई-पुण्याच्या जपानी हॉटेलांत 'उनागी' म्हणून भातावर येतो तो गोड रस चोपडलेला, काबायाकीच्या घराण्यातला.

गर्भवतींना वेगळे सांगायला हवे. 'अ' जीवनसत्त्व प्राणिज अन्नातून अती गेले, विशेषतः पहिल्या तिमाहीत, तर गर्भाला व्यंग येऊ शकते. जपानमध्ये प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा २७०० मायक्रोग्रॅम मानतात. काबायाकीची मोठी तुकडी आणि सोबत ईलच्या यकृताचे सूप, ज्या यकृतात १०० ग्रॅमला ४४०० मायक्रोग्रॅम 'अ' असते, एवढ्यात ती मर्यादा सहज गाठता येते. कधीतरी एकदा खाल्ल्याने आभाळ कोसळत नाही. पण 'बाळासाठी ताकदीचे' म्हणून रोज कोणी भरवू लागले, तर त्या प्रेमाला आवर घालावा.

ईलचे सूशी मिळते, पण त्यातला ईल नेहमी शिजवलेला असतो, हे कुणाच्या लक्षात आले असेल. कच्च्या माशावर जीव टाकणारे जपानीही ईल कच्चा खात नाहीत, कारण त्याचे रक्त विषारी आहे. इटलीतल्या आंजेलो मोस्सो या शरीरशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये ईलच्या रक्तद्रवाचा हा गुण दाखवून दिला. फ्रान्समध्ये शार्ल रिशे याने तोच रक्तद्रव कुत्र्यांना पुन्हापुन्हा टोचून पाहिला, तर सवय होण्याऐवजी कुत्री दुसऱ्या खेपेला जास्त हवालदिल झाली. तीव्र अॅलर्जीच्या ज्या शोधासाठी रिशेला १९१३ चे नोबेल मिळाले, त्याच्या वाटेवरचा हा एक टप्पा. खाणाऱ्यासाठी गोष्ट सोपी आहे. ते विष प्रथिनाचे आहे, साधारण ६० अंशांवर मोडते, आणि नीट शिजलेल्या कालवणात त्याचा मागमूस उरत नाही. साफ करताना मात्र रक्ताचा हात डोळ्याला लावू नये.

युरोपात ईलला असे औषधी वलय नाही. तिथे तो गरिबाचे अन्न म्हणून आला आणि श्रीमंताचा होऊन बसला. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये तुकडे व्हिनेगर घातलेल्या पाण्यात शिजवून गार करत. कातडी-हाडांतले कोलॅजन सुटून रस्सा आपोआप थिजे, आणि तो थरथरता जेलीवाला ईल लोक रस्त्यावर उभ्याने खात. कोलॅजनने कातडी तुकतुकीत होते म्हणून आज तेच कौतुकाने सांगतात. पण पोटात गेल्यावर कोलॅजनचीही इतर प्रथिनांसारखी मोडतोड होते, आणि ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल त्यात नसतेच. इटलीत कोमाक्कियोच्या खाजणांत धरलेला ईल भाजून व्हिनेगरमध्ये मुरवतात, डच लोक धुरी देऊन पावात घालतात. स्पेनच्या बास्क भागात तर काचेसारखी पिल्लेच लसूण-तेलात तळून खातात. ती इतकी महाग झाली की तिथे माशाच्या लगद्यापासून शेवयांसारखी नकली पिल्ले बनवली जातात. चव लसणाची, पोषण साध्या पांढऱ्या मासळीचे. मला हा नकलीपणा अजिबात खटकत नाही. एका किलोत तीनएक हजार पिल्ले बसतात, आणि प्रत्येक पिल्लू म्हणजे वीस वर्षांनी होऊ शकणारा एक मोठा मासा.

पुरवठ्याची बाब इथे टाळता येत नाही. ईल पाळला जातो, पण त्याची पैदास धंद्याच्या प्रमाणावर होत नाही. सगळ्या जगातले ईलचे फार्म समुद्रातून आलेली रानटी पिल्ले पकडूनच भरतात. जपानी शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये प्रयोगशाळेत अंड्यापासून अंड्यापर्यंतचे चक्र पुरे केले खरे, पण अळ्या जगवणे इतके नाजूक आणि खर्चिक आहे की बाजाराची भूक त्यावर भागत नाही. ही भूक केवढी? २००० च्या सुमारास एकट्या जपानमध्ये वर्षाला दीड लाख टनांहून अधिक ईल खपत होता. पुढे तो खप घसरून त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास आला, कारण मासाच आटला. निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत युरोपीय ईल 'अतिसंकटग्रस्त' आहे. जपानी आणि अमेरिकी ईल 'संकटग्रस्त'. युरोपीय संघाने २०१० च्या अखेरीस ईलची बाहेरची निर्यात थांबवली, तेव्हापासून पिल्लांची तस्करी बॅगांमधून सुरू आहे. आपला अहिर 'संकटाच्या उंबरठ्यावर' या वर्गात मोडतो. त्याला समुद्रातून नदीत आणि नदीतून पुन्हा समुद्रात जावे लागते, आणि आपण प्रत्येक नदीवर भिंती घातल्या आहेत.

शिदोरीच्या गाठोड्यात आणखी एक वस्तू असते, जी कुठल्याही पोषणतक्त्यात छापत नाहीत. डायॉक्सिन आणि पीसीबी ही कारखानी विषे चरबीत विरघळतात आणि तिथेच राहतात. ईल वर्षानुवर्षे तळाच्या गाळात राहतो, तिथलेच किडे-मासे खातो, अंडी घालून चरबी रिकामी करण्याची संधी त्याला मध्ये कधीच मिळत नाही. 'अ' आणि 'ड' जसे साठते, तसे हेही साठते. नेदरलँड्सने १ एप्रिल २०११ पासून मोठ्या नद्यांतली ईलची मासेमारी बंद केली ती मासा वाचवायला नव्हे, खाणाऱ्याला वाचवायला. तिथले ईल डायॉक्सिनच्या मर्यादेपार गेले होते. युरोपीय कायद्यात ईलसाठी ही मर्यादा मुळातच सैल आहे: इतर मासळीला ग्रॅममागे ६.५ पिकोग्रॅम, ईलला १०. म्हणजे कायद्यानेही मान्य केले की हा मासा जास्त साठवणारच. फार्मातल्या ईलमध्ये हा धोका चाऱ्यानुसार कमी-जास्त होतो, पण तिथे औषधांचा प्रश्न उभा राहतो. २००७ मध्ये अमेरिकेने चिनी पाळीव ईल बंदरावरच अडवायला सुरुवात केली, ती बंदी असलेल्या रसायनांचे अंश मासळीत सापडले म्हणून.

म्हणून मला कोणी विचारले की ईल खावा का, तर माझे उत्तर दोन भागांत येते. अन्न म्हणून तो उत्तम आहे, शिजवलेला, बेताने, कधीतरी. पण त्यात जे आहे त्यातले जवळजवळ सगळे स्वस्तात दुसरीकडे मिळते. बांगडा, तारली, अंडे, शेंगदाणे आणि सकाळचे ऊन एवढ्यात त्याच्या यादीतली बहुतेक कलमे भरून निघतात. नदीकाठच्या घरात वर्षातून एकदा जाळ्यात आलेला अहिर राख लावून साफ करून कालवणात पडला, तर त्यावर मी आक्षेप घेणार नाही. विमानाने आलेल्या गोठवलेल्या तुकडीला औषध म्हणून विकणाऱ्यावर मात्र घेईन.

आणि ती शिदोरी आता पूर्वीएवढी भरत नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये ईलच्या चरबीची मोजणी वर्षानुवर्षे चालू आहे. तिथे पंधराएक वर्षांत सरासरी चरबी सुमारे एक तृतीयांशाने घटलेली दिसली. उत्तर आयर्लंडमधले लॉक ने हे सरोवर रानटी ईलच्या मासेमारीसाठी युरोपात सगळ्यात मोठे. तिथल्या ईलला २०११ पासून भौगोलिक मानांकन आहे, आणि डच धुरीवाले त्याचे जुने गिऱ्हाईक, कारण त्याची चरबी. अलीकडे त्या सरोवरावर दर उन्हाळ्यात हिरव्या-निळ्या शेवाळाचा थर चढू लागला. २०२५ च्या हंगामात मच्छीमारांनी होड्या पाण्यात घातल्या, पहिला माल तपासला, आणि मासेमारी थांबवावी लागली. ईल होते. त्यांच्या अंगात विकण्याजोगी चरबी नव्हती.